एका तारखेचे दोन दिवस

नदीकाठी सगळे माना खाली घालून उभे होते, भोंग्याचा आवाज नुकताच विरला होता, आणि तेवढ्यात पुल्याच्या कोटात गाणं सुरू झालं. साधंसुधं नाही, लहान मुलांच्या वाढदिवसाला वाजतं ते, मागे टाळ्या, पिपाण्या आणि कुणीतरी जीव तोडून घातलेली शीळ. पहिल्या क्षणी त्यालाही वाटलं, कोण हा गाढव! दुसऱ्या क्षणी छातीपाशी काहीतरी थरथरलं आणि गाढव कोण ते कळलं. सकाळी चहाच्या वेळी लेक त्याचा फोन घेऊन कोपऱ्यात खुसुखुसु हसत बसली होती, ती यासाठी. कोट नवा होता, पन्नाशीचा म्हणून बायकोने घेतलेला. आतला खिसा खोल आणि त्याचं बटण नव्या नवरीसारखं ताठ. दिवसभर चष्म्यांच्या काड्यांत तिळाएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटं त्या एका बटणाशी झटापट करत राहिली. शेवटी फोन हाताला लागला, पण घामेजलेला अंगठा भलतीकडेच घसरला. गाणं थांबलं खरं, पण त्याच्या जागी, काठावरच्या दोन-तीनशे माणसांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, त्याची आई बोलू लागली. “झालास रे बाबा, झालास! आत्ता, या मिनिटाला! पन्नास वर्षांचा घोडा झालास!”

कुणी हललं नाही. श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांत हलायचं नसतं, त्यामुळे रागावायचंही नव्हतं; पण माना खालीच ठेवून कितीतरी डोळे तिरपे झालेले त्याला कळले. समोर, दगडी स्तंभापाशी, समितीचे अध्यक्ष हातात फुलांचं चक्र घेऊन उभे होते. त्यांचा चष्मा पुल्यानेच करून दिलेला, वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा, आणि एकट्या त्यांचीच हनुवटी वर असल्यामुळे आता ते खालच्या भागातून लांब बघत होते. म्हणजे त्यांना पुल्या नुसता एक धुरकट डाग दिसत असणार, हा विचार अशाही वेळी त्याच्या मनात येऊन गेला. धंदा माणसाला सोडत नाही. शेजारी एक म्हातारी बाई होती. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, उजव्या काचेवर ओरखडे, आणि नंबर तर केव्हाच बदललेला असावा, कारण ती आवाजाच्या दिशेने बघताना डोळे बारीक करत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मेलेल्यांच्याच स्तंभापुढे आपल्याला हे असले शब्द सुचावेत याची वर आणखी लाज वाटली.

ही लाज नवी नव्हती. तिचं वय त्याच्याइतकंच होतं. दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव आहे, पण त्या नावाने त्याला ओळखतं कोण? पहिलीपासून तो पुल्या, आणि केस पिकले तरी पुल्याच. पन्नास वर्षांपूर्वी याच तारखेला नदीवरचा मोठा पूल मधोमध खचला. बस, हातगाड्या, बाजाराला निघालेली माणसं, सगळं घेऊन खाली गेला. आणि त्याच घटकेला टेकडीवरच्या दवाखान्यात हा जन्माला आला. शहराने त्या तारखेला पुलाचा दिवस म्हटलं आणि पोरांनी याला पुल्या. नावाचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसरीतल्या त्या सकाळचं. त्यांच्या बाई रोज फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजचा दिनविशेष’ लिहायच्या. पांढऱ्या खडूने थोरामोठ्यांचे जन्म, लढाया, शोध. आणि खाली, वर्गात कुणाचा वाढदिवस असला तर गुलाबी खडूने त्याचं नाव. त्या गुलाबी ओळीसाठी पोरं वर्षभर दिवस मोजायची. त्याची तारीख आली तेव्हा बाईंनी सवयीने लिहून टाकलं: कुठल्याशा खगोलशास्त्रज्ञाचा जन्म, कुणी राजा गादीवरून उतरला, आपल्या शहरातली पुलाची दुर्घटना, आणि खाली गुलाबीत तो. मग चार पावलं मागे सरून त्यांनी फळा वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. वर्गातल्या तीन-चार घरांतून तरी कुणी ना कुणी गेलेलं होतं. त्यांनी डस्टर घेतलं आणि फक्त शेवटची ओळ पुसली, अगदी हळू, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. “तुझं आपण उद्या लिहू हं, बाळा,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा खराखुरा वाढदिवस निघाला आणि गुलाबी खडू तिच्या वाट्याला गेला. आदल्या दिवशी मात्र फळ्यावर उशिरापर्यंत, पुसलेल्या जागी, एक फिकट गुलाबी ढग राहिला होता. आणि तो त्या ढगाकडे बघत श्रद्धांजलीची दोन मिनिटं उभा होता, सगळ्यांसारखाच, मान खाली घालायची विसरून.

त्यानंतर त्याला एक नाद लागला. आपल्या तारखेला आणखी कोण कोण जन्मलं याचा शोध घ्यायचा. सकाळच्या रेडिओवर दिनविशेष लागायचे तेव्हा तो कान चिकटवून बसायचा, जुनी मासिकं चाळायचा. एक विदूषक सापडला, ज्याच्या नुसत्या चालण्याला थिएटर हसायचं. धूमकेतू शोधणारी एक बाई सापडली. एका डोळ्याने आंधळा सेनापती सापडला. ही सगळी त्याला आपली चुलतभावंडं वाटायची, दूरच्या गावी राहणारी, लग्नाकार्यालासुद्धा न भेटणारी. त्याच तारखेला कुठेतरी एक लढाई थांबली होती, कुठेतरी आख्खं शहर जळालं होतं, कुठेतरी माणूस पहिल्यांदा फुग्यात बसून ढगापर्यंत गेला होता. तारीख म्हणजे स्टेशनवरचं बाकडं, असं त्याच्या पोरबुद्धीला वाटायचं. एका टोकाला कुणी रडत बसलंय, दुसऱ्या टोकाला कुणी शिदोरी सोडलीय, आणि बाकड्याला दोघांचंही ओझं सारखंच. ह्या विचाराने त्याला धीर यायचा. पण बाकडं घरात असलं की गोष्ट वेगळी होते. घरात एका टोकाला अण्णा बसायचे आणि दुसऱ्या टोकाला आई.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. त्या दिवशी ते दवाखान्याकडेच निघाले होते. वाटेत आवाज ऐकला, लोक पळताना दिसले, आणि तेही टेकडी चढायची सोडून नदीकडे पळाले. तीन दिवस ते तिथेच होते. पाण्यातून माणसं काढत होते, आधी हाका मारणारी आणि मग हाका न मारणारी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात आले, दारात उभे राहिले, आणि आईने बाळ पुढे केलं तेव्हा दोन्ही हात मागे घेऊन म्हणाले, “या हातांनी नको.” किती दिवस नको, ते आईने कधी सांगितलं नाही. पण एवढं खरं की पुल्याला वडिलांचा स्पर्श आठवायचा तो नेहमी खांद्यावर, मागून, ओझरता. समोरून उचलून घेतल्याचं आठवत नाही. दर वर्षी या तारखेला अण्णा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून नदीवर जायचे आणि दुपारी परत यायचे. त्या दुपारच्या आत घरात वाढदिवस हा शब्द काढायचा नाही, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. पण चुलीवरून भांडं उतरवताना आपण फडकं शोधतो ना, तसं ते सगळ्यांना न सांगता कळलेलं होतं. आई स्वयंपाकघरात काहीतरी गोड करायची आणि त्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायची. एकदाच, तो सात-आठ वर्षांचा असेल, आई त्याचे केस पुसता पुसता बोलून गेली होती, “तू आलास आणि बाहेर कुठेतरी मोठ्ठा आवाज झाला. मला वाटलं, तुझ्यासाठीच.” तेवढ्यात दारात अण्णांची सावली पडली. आईने जीभ चावली. नंतर तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही आणि अण्णांनीही ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. अण्णा गेले त्या वर्षापासून पुल्या त्यांच्या जागी नदीवर येऊ लागला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. एखाद्याची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून आपण तिच्यावर जाऊन बसतो, तसंच काहीतरी. आईने तेव्हा फक्त त्याच्या कॉलरवरचा नसलेला धागा झटकला होता.

आणि आता तीच आई, त्याच्या तळहातावर, सबंध नदीकाठाला विचारत होती, “ऐकतोयस ना रे? का ठेवला?”

फोन बंद करणं सोपं होतं. एक बोट पुरेसं होतं, आणि अंगठा आता घसरतही नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याला नवल वाटलं. दुकानातल्या काळोख्या खोलीत तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंग बदलत विचारतो, हे बरं की हे? आणि लोक किती घाबरतात उत्तर द्यायला, जणू चुकलं तर कुणी छडी मारणार आहे. तो त्यांना सांगतो, अहो, यात चूक नसते, तुम्हाला जे दिसतं ते सांगा. हे वाक्य त्याने हजारदा म्हटलं असेल. आता ते त्याला स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. आपल्याला काय दिसतंय? मान खाली घातलेली माणसं दिसताहेत. स्तंभ दिसतोय. आणि टेकडीवरच्या घरात पलंगाच्या कडेला बसलेली, फोन तोंडाच्या फार जवळ धरणारी एक बाई दिसतेय, जिने आयुष्यभर खिडकी लावून गोड केलं. दोन्ही स्पष्ट दिसताहेत. एकासाठी दुसरं पुसायला हवं, हे आपल्याला कुणी शिकवलं? त्याने फोन तोंडाशी नेला, आणि ना कुजबुजत ना ओरडत, घरात बोलतो तशा आवाजात म्हणाला, “हो आई. ऐकतोय. झालो पन्नासचा.” मग त्याने फोन बंद केला, खिशात ठेवला, आणि उरलेला वेळ मान खाली घालून उभा राहिला. अगदी मनापासून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला उभं राहताना अवघडल्यासारखं झालं नाही.

दुसरा भोंगा झाला. चक्र वाहिलं गेलं. अध्यक्ष सरळ त्याच्याकडे आले. निवृत्त हेडमास्तर, आवाजाला अजून घंटेची सवय. “शोभलं का हे तुम्हाला? एवढी माणसं इथे आपलं दुःख घेऊन येतात, आणि तुम्ही वाढदिवस साजरे करता?”

“चुकलं, सर,” पुल्या म्हणाला. “फोन बंद करून यायला हवं होतं. पण वाढदिवस आहे हे खरंय. त्याला माझा इलाज नाही.”

“मग घरी बसायचं होतं!”

“का म्हणून?” हे बोलली ती दोऱ्याच्या चष्म्याची बाई. तिने काठीने अध्यक्षांना जरा बाजूला केलं, वाटेत आलेल्या खुर्चीला करावं तसं, आणि पुल्याच्या तोंडाजवळ तोंड आणून त्याला निरखलं. “तोंडवळा तोच. मी तुमच्या वडिलांना ओळखते. म्हणजे, बघितलंय. ते तिथे, झाडापाशी उभे राहायचे. मान अगदी खाली. कुणाशी बोलायचे नाहीत. मी दर वर्षी म्हणायची, या माणसाचं फार जवळचं कुणीतरी गेलेलं दिसतंय. विचारीन विचारीन म्हटलं आणि राहूनच गेलं. कोण गेलं होतं हो त्यांचं?”

“कुणी नाही, मावशी,” पुल्या म्हणाला. “मी आलो होतो.”

बाईने काठी दुसऱ्या हातात घेतली. अध्यक्ष चष्मा पुसू लागले. मागे लोक पांगत होते, कुणी खुर्च्या घड्या घालून रचत होतं, लोखंडावर लोखंड आपटत होतं. मग ती म्हणाली, “माझे मालक बस चालवत होते. ती बस. पन्नास वर्षं मी इथे येते आणि पन्नास वर्षं लोक मला कोण कोण गेलं तेवढंच सांगतात. त्या दिवशी कुणी आलंही होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.” आणि जरा थांबून, “फोनवर होत्या त्या तुमच्या आई? मला त्यांच्याकडे न्याल?”

रिक्षात ती त्याच्या शेजारी काठी गुडघ्यांत धरून, समोर बघत बसली. पुल्याच्या मनात मात्र नाना तऱ्हेचे विचार चालले होते. आईला कळवायला हवं होतं का? फोन करायचा धीर, आजच्या पुरता, संपल्यासारखा वाटत होता. आईने या माणसांना आयुष्यभर टाळलेलं. बाजारात पुलात माणूस गमावलेल्या घरातली कुणी दिसली की ती रस्ता बदलायची. लहानपणी तिच्या हाताला धरून त्यानेही किती वेळा उगाचच पलीकडच्या फुटपाथवरून चालत जाऊन पुन्हा अलीकडे येण्याचा द्राविडी प्राणायाम केला होता. तेव्हा त्याला वाटायचं, आई त्या लोकांवर रागावलेली आहे. रिक्षा वळणावर कलली, बाईचा हलका खांदा त्याच्या नव्या कोटाला टेकला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: राग नव्हे, ती भीत होती. चोरी करून आलेला माणूस शिपायाला भितो तशी. आपण त्यांच्या दिवसातून काहीतरी उचलून आणलंय, अशी. आणि ती चोरी म्हणजे तो स्वतः! त्याला हसू आलं. बाईने वळून बघितलं. “काय झालं?” “काही नाही, मावशी,” तो म्हणाला. “आमची आई जरा धीट झालीय आजकाल. फार बोलली तर मनावर घेऊ नका.”

पण आईची ती धिटाई टिकली नाही. दार तिनेच उघडलं. आत टेबलावर केक तयार होता, लेक मेणबत्त्या लावत होती. पुल्याने सांगितलं, या अशा अशा, यांचे मालक त्या बसवर होते, तुला भेटायला आल्यात. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पदर सारखा केला, खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, ते कुठे ठेवावं सुचेना म्हणून पुन्हा खुर्चीवरच ठेवलं. “तुम्ही होतात का तिथे? फोन झाला तेव्हा?” तिने विचारलं.

“शेजारीच होते.”

“मला माहीत होतं हा तिथे आहे,” आई घाईने म्हणाली. “चुकून नाही केला मी. मुद्दाम केला. म्हटलं, आता किती दिवस राहिलेत माझे? एकदा तरी त्या मिनिटाला म्हणेन. पण सगळ्यांना ऐकू जाईल हे नव्हतं हो माहीत. मला माफ करा.”

“माफ कसलं करायचं?” बाई वर्तमानपत्रावरच बसली. “मी भांडायला नाही आले. मागायला आले.”

“काय?”

“मला तो दिवस आठवत नाही,” बाई म्हणाली. “ते गेले, मी दार लावलं, एवढं आठवतं. पुढचं सगळं लोकांनी सांगितलेलं. पाणी किती होतं, कुठला खांब आधी गेला, सगळं पाठ झालंय. पण माझं असं त्यातलं काही नाही. पुसून गेलंय बघा. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही कशा विसराल? मला सांगा ना, कसा होता?”

आईने पुल्याकडे बघितलं. त्याने नुसती मान हलवली, आणि लेकीच्या हातातून बशा घेऊन भिंतीशी उभा राहिला. आई पलंगाच्या कडेला बसली. सुरुवातीला ती अडखळत बोलली, परीक्षेला बसल्यासारखी. पलंग खिडकीपाशी होता. चादर खरखरीत होती, नुकती वाळून आलेली. बाहेर एक रंगारी शिडीवर चढून भिंत रंगवत होता आणि तो गाणं म्हणत होता, तेही बेसूर, आणि तिला इतक्या कळा येत असूनही त्याच्या सुराचा राग येत होता. मग तिचा आवाज सुटा झाला. नर्सच्या चपला चुंईचुंई वाजायच्या. भिंतीवर खिडकीचा चौकोन पडला होता आणि तो हळूहळू पलंगाकडे सरकत होता, आणि तिने ठरवलं होतं की तो आपल्या पायाशी येईपर्यंत बाळ येणार.

“ऊन होतं?” बाईने एकदम विचारलं.

“अहो, होतं म्हणजे! डोळे दिपत होते.”

“होतं ना?” बाई पुढे सरकली. तिचे हात काठीवरून सुटले. “म्हणूनच! ते जाताना टोपी घालून गेले. मला सारखं दिसतं, दारातून जाताना डोक्यावर टोपी. मी म्हणायची, टोपी का दिसते? ते कधी टोपी घालायचे नाहीत, केस फार चांगले होते म्हणून मिरवायचे. मला वाटायचं, हे मी मनानेच रचलेलं. ऊन होतं. मग बरोबर आहे.” ती हसली, दात फार नव्हते. “मग? पुढे?”

आईने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. पुल्याला कळलं की आता ती त्या जागी आली आहे जिथे तिने इतकी वर्षं जीभ चावली. “मग हा रडला,” ती म्हणाली. “आणि बाहेर तो आवाज झाला. आणि मी हसले. मोठ्याने हसले हो. नर्स पळत बाहेर गेली तरी मी हसतच होते. मला काही माहीत नव्हतं. रात्री कळलं. पण तोपर्यंतचा तो दिवस... तेवढा चांगला दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. हे मी याच्या वडिलांनासुद्धा कधी सांगू शकले नाही.”

खोलीत मेणबत्त्या वितळत होत्या. लेकीने बापाकडे बघितलं, फुंकर घालू का म्हणून. त्याने डोळ्यांनीच थांबवलं. बाई बराच वेळ आईकडे बघत राहिली, डोळे बारीक करून, त्या ओरखड्यांच्या काचेतून जेवढं दिसेल तेवढं.

“आमच्या मालकांनाही काही माहीत नव्हतं,” ती शेवटी म्हणाली. “गाडी चालवताना फार बडबडायचे. तेव्हासुद्धा कंडक्टरला काहीतरी सांगत असतील आणि स्वतःच हसत असतील.”

“टोपी कसली होती?” आईने विचारलं.

आणि ती बाई सांगू लागली. पुल्याने बशा खाली ठेवल्या, कोट काढला आणि दोघींच्या मधल्या जागेत, जमिनीवरच, ऐकत बसला.